पाणी वाढवलं, अर्क नाही
अम्मीच्या शेवटच्या ईदचा रोल मी घरीच धुतला. बचत म्हणून एक्सटॉलच्या एका भागात तीन भाग पाणी घातलं. माझी टाकी आडवी फिरते, त्यामुळे 240 मिलि द्रावणात अख्खी फिल्म भिजते. तरी निगेटिव्ह फिकी निघाली. अम्मीची पांढरी ओढणी करडी झाली.

कोडॅक 36 फोटोंच्या रोलला किमान 100 मिलि मूळ द्रावण सांगते. माझ्या टाकीत होतं फक्त 60. जिथे उजेड जास्त, तिथलं रसायन आधी संपतं. ओढणीवर नेमकं तेच झालं.

आता निम्मं पाणी घालतो, म्हणजे 120 मिलि मूळ द्रावण मिळतं. पाहुणे वाढले की अम्मी म्हणायची, "सालनात पाणी वाढतं, बोट्या नाही." तेव्हा मी हसायचो.