कंदकूज आणि शेजारधर्म



आषाढीची वारी आणि आल्या-हळदीच्या कंदकुजीचे दिवस जवळजवळ एकच. अक्षय्य तृतीयेच्या सुमारास लावण होते, मृगाच्या पाण्यावर कोंभ वर येतात, आणि आपण पताका खांद्यावर घेऊन निघालो की इकडे कोल्हापूर भागात संततधार धरते. परत आले की कोणी ना कोणी विचारतोच, ‘‘बुवा, रान पिवळं पडाय लागलंय, काय करावं?’’

मी शिकलो पूर्वरंग-उत्तररंग, शेतीशास्त्र नव्हे. पण रात्री कीर्तन झाले की सकाळी यजमान रान दाखवायला नेत. चाळीस वर्षे अशी रानेच पाहत आलो, त्यातून थोडे उमगले.

कूज पानावर दिसते तेव्हा ती खाली कधीच मुरलेली असते. आधी खालच्या पानांचे शेंडे पिवळे होतात, मग कडा वाळतात. खोड जमिनीलगत तपकिरी व मऊ पडते. हलके ओढले तरी हातात येते. गड्डा दाबावा तर आतून घाण वासाचे पाणी. हे काम पिथियम, फ्युजॅरियम अशा बुरशींचे. त्यातल्या पिथियमचे बीजाणू पाण्यात चक्क पोहतात. म्हणून जिथे पाणी साचते तिथे ती माजते आणि पाणी वाहील तिकडे जाते. वरच्या रानातली कूज बांध ओलांडून खालच्या रानात उतरते ती अशी. उपटलेली सडकी झाडे ओढ्यात फेकणारे लोक मी पाहिले आहेत. ओढ्याला हात जोडायचे आणि त्यातच ते टाकायचे!

पण पाण्याहून वाईट वाट बेण्याची. एकाच दिंडीतले दोघेजण, गळ्यात दोघांच्याही माळ. पहिल्याच्या रानात सड होती. त्याने वरून बरे दिसणारे गड्डे निवडून दुसऱ्याला बेणे म्हणून विकले. दुसऱ्याने घरातले सोने गहाण ठेवून लावण केली; श्रावणात अर्धे रान बसले. पहिला म्हणाला, ‘‘पांडुरंगाची इच्छा.’’ मला ते सहन झाले नाही. पांडुरंगाने बेणे विकले नव्हते. प्रारब्ध हा शब्द आपण फार स्वस्त केला आहे. रोगट रानातले बेणे चांगले म्हणून देणे याला मी सरळ परपीडा म्हणतो, मग तो नित्य हरिपाठ का म्हणेना.

खरा उपाय लावणीआधीचा. बेणे निरोगी रानातलेच घ्यावे, गादीवाफे उंच करावेत, चर मोकळे ठेवावेत. ट्रायकोडर्मा ही चांगली बुरशी वाईट बुरशीला खाते. ती चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून द्यावी. तिच्याबरोबर रासायनिक बुरशीनाशक मात्र ओतू नये, नाहीतर तीच मरते.

कूज दिसलीच तर रोगट झाडे गड्ड्यासकट काढून रानाबाहेर नष्ट करावीत आणि भोवती बोर्डो मिश्रणाची आळवणी करावी. १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना, १०० लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळे विरघळवून मग एकत्र करावे, भांडे लोखंडाचे नको, आणि केलेले त्याच दिवशी संपवावे. या औषधाची कथा गमतीची आहे. फ्रान्समध्ये बोर्दो गावाकडे वाटसरूंनी द्राक्षे तोडू नयेत म्हणून रस्त्याकडेच्या वेलींना हे निळे पाणी मारत. त्याच वेली रोगातून वाचलेल्या मिलार्दे नावाच्या शास्त्रज्ञाला दिसल्या, आणि १८८५ मध्ये त्याने हे औषध जगापुढे मांडले.

इतके करूनही पुढची दोन-तीन वर्षे त्या रानात आले-हळद नको. भात, मका घ्यावा. अधिक विचारायचे तर सांगली जिल्ह्यात कसबे डिग्रजला महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे हळद संशोधन केंद्र आहे. तिथे जावे, बुवांकडे नव्हे.

राहिला वारीचा प्रश्न. चर काढायला घरात दुसरे कोणी नसेल तर एखाद्या वर्षी वारी चुकली म्हणून कोणी खंतावू नये. सावता महाराज अरणचा मळा सोडून गेले नाहीत. आजही पांडुरंगाचीच पालखी अरणला जाते. आणि ज्यांना निघायचेच आहे त्यांनी प्रस्थानाआधी चर उकरून घ्यावेत, खालच्या रानवाल्याला पाण्याची वाट दाखवून ठेवावी, आणि आपल्याकडे सड असेल तर तेही त्याला सांगून जावे.