गप्प बसायला एक महिना

फ्रँकफुर्टात भाड्याचं घर बघायला जायचं म्हणजे जिन्यात रांग लावायची आणि हातात फाइल धरायची. फाइलीत तीन महिन्यांच्या पगारपावत्या, नोकरीचा करार, पासपोर्ट-व्हिसाची झेरॉक्स, भाडं थकलेलं नाही असं आधीच्या मालकाचं पत्र आणि शुफाचा दाखला. शुफा म्हणजे आपल्या सिबिलसारखी, माणूस पैसे वेळेवर फेडतो का याची नोंद ठेवणारी कंपनी. घर मिळतं एकालाच. फायली मात्र सगळ्यांच्या एजंटाकडे राहतात.

ठाण्यातल्या बाळकुमकरांना यात नवल वाटणार नाही. कोलशेत रोडला नुसता सॅम्पल फ्लॅट बघायला गेलं तरी आधी टॅबवर नाव, मोबाइल, बजेट आणि 'सध्या कुठे राहता' हे भरावं लागतं. माझी वहिनी एका रविवारी पाहुण्यांना सोबत म्हणून गेली. तेव्हापासून तिला घोडबंदरपासून भिवंडीपर्यंतच्या नव्या टॉवरांचे फोन येतात, मग गृहकर्जाचे, मग मॉड्युलर किचनचे. परवा वैतागून म्हणाली, "भावोजी, यांना माझा नंबर दिला कोणी, एवढं तरी कळायला नको का? विचारलं की फोन ठेवून देतात. तुमच्याकडे काय करतात हो?"

आमच्याकडे पत्र लिहितात. मी ज्या एजन्सीकडे फाइल दिली होती तिनं घर तर दिलं नाहीच, पण पुढे एका तिसऱ्याच कंपनीकडून मला माझ्या पगाराला बेताबेतानं परवडतील अशा घरांच्या जाहिराती येऊ लागल्या. तेव्हा मी एजन्सीला लिहिलं: माझी कोणती माहिती तुमच्याकडे आहे, कुठून आली, कशासाठी ठेवली, कुणाकुणाला दिली आणि किती काळ ठेवणार ते कळवा; सोबत प्रत पाठवा. मे २०१८ पासून लागू असलेल्या युरोपच्या जीडीपीआर या माहिती-संरक्षण कायद्याचं कलम १५ हेच सांगतं. पहिली प्रत फुकट. शुफाचा घरमालकांसाठीचा दाखला विकत मिळतो, पण आपल्या नोंदींची प्रत या कलमाखाली पैसे न देता मागता येते, हे नव्यानं आलेल्या मराठी मुलांना मी आवर्जून सांगतो.

कशाला हवी, हेही सांगावं लागत नाही. एका जर्मन रुग्णाला आपल्या दंतवैद्यावर दावा लावायचा होता म्हणून त्यानं आपली कागदपत्रं मागितली. वैद्य म्हणाला, आधी खर्च भरा. युरोपीय न्यायालयानं ऑक्टोबर २०२३ मध्ये रुग्णाच्या बाजूनं निकाल दिला. वहिनीच्या प्रश्नाचं उत्तर तर त्याच वर्षीच्या जानेवारीत मिळालं होतं. ऑस्ट्रियाच्या टपाल कंपनीनं एका ग्राहकाला 'तुमची माहिती आमच्या व्यावसायिक भागीदारांना दिली' एवढंच मोघम कळवलं होतं. न्यायालयानं सांगितलं, भागीदारांची नावं सांगायची.

माझ्या एजन्सीनं यातलं काहीच केलं नाही. तिनं पत्राची पोचसुद्धा दिली नाही.

इथे कायद्याचा खरा भाग सुरू होतो. उत्तराला मुदत एक महिन्याची. प्रकरण गुंतागुंतीचं असेल तर आणखी दोन महिने मिळतात, पण उशीर होणार हे कारणासह पहिल्या महिन्यातच कळवावं लागतं. महिना उलटला की कंपनीचं गप्प बसणं हाच नियमभंग ठरतो. त्यानंतर वाटा दोन. पहिली, राज्याच्या माहिती-संरक्षण कार्यालयाकडे तक्रार. तिला फी नाही, वकील लागत नाही. दुसरी, थेट कोर्ट. कंपनी दुसऱ्या शहरातली असली तरी आपण राहतो तिथल्या कोर्टात जाता येतं. दोन्ही वाटा एकाच वेळी धरायला मुभा आहे, असं युरोपीय न्यायालयानं हंगेरीच्या एका प्रकरणात स्पष्ट केलंय.

पैसे मिळतात का? कधीकधी. ड्युसेलडोर्फच्या कामगार न्यायालयानं २०२० मध्ये उशिरा आणि अपुरी माहिती दिल्याबद्दल एका माजी कर्मचाऱ्याला ५,००० युरो देववले. पण मे २०२३ मध्ये युरोपीय न्यायालयानं बजावलं की नुसता नियम मोडला म्हणून भरपाई नाही. काहीतरी नुकसान झाल्याचं दाखवावं लागेल. कार्यालयही दरवेळी दंडुका उगारत नाही. आमच्या हेसे राज्यातल्याच एका बचत बँकेच्या प्रकरणात २०२४ साली ठरलं की प्रत्येक चुकीला दंड ठोकलाच पाहिजे असं बंधन त्याच्यावर नाही. दंडाची कमाल मर्यादा दोन कोटी युरो किंवा जगभरच्या वार्षिक उलाढालीचे चार टक्के, यातली मोठी असेल ती. ती ऐकायला भारी वाटते. फ्लॅटच्या एजंटाला मात्र रोजच्या व्यवहारात धाक असतो तो विसबाडेनहून येणाऱ्या पत्राचा.

विसबाडेन ही हेसेची राजधानी. शुफा तिथलीच आणि माहिती-संरक्षणाचं कार्यालयही तिथंच. माहिती-संरक्षणाचा जगातला पहिला कायदा १९७० मध्ये याच राज्यानं केला. सरकारी दप्तरं तेव्हा संगणकात शिरू लागली होती आणि एका बटणावर माणसाची कुंडली कुणाच्याही हाती लागेल, ही भीती नाझी राजवट पाहिलेल्या पिढीला होती. १९७५ पासून सोळा वर्षं ते कार्यालय सांभाळलं स्पिरोस सिमिटिस यांनी. अथेन्सहून शिकायला आलेला हा ग्रीक माणूस फ्रँकफुर्टात कायद्याचा प्राध्यापक झाला आणि जर्मनांच्या खासगीपणाचा राखणदार ठरला. परक्या शहरात राहणाऱ्या माझ्यासारख्याला ते नाव जरा जास्तच जवळचं वाटतं.

महिना संपल्यावर मी दुसरं पत्र धाडलं, रजिस्टर पोस्टानं. त्यात पहिल्या पत्राची तारीख, कलम १२ ची मुदत आणि अमुक दिवसापर्यंत उत्तर न आल्यास विसबाडेनला तक्रार करीन एवढंच. उत्तर आलं. छापील तक्ता होता: नाव, पगार, फोन, भेटीची तारीख. शेवटच्या रकान्यात कुणीतरी टाइप केलं होतं, 'परदेशी, नोकरी मुदतीची'. आणि त्याखाली, ज्या कंपनीला हे सगळं दिलं तिचं नाव.

ही पद्धत आपल्याला अजिबात परकी नाही. महाराष्ट्रानं माहिती अधिकाराचा कायदा २००२ मध्येच केला, केंद्राचा २००५ मध्ये आला. दहा रुपये, तीस दिवस, नाहीतर पहिलं अपील: हे गणित ठाण्यात पालिकेच्या कारभारावर डोळा ठेवणाऱ्या कुठल्याही निवृत्त काकांना तोंडपाठ आहे. फक्त तो कायदा सरकारला लागू. सॅम्पल फ्लॅटवाल्याला नाही.

खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी ऑगस्ट २०१७ मध्ये, पुट्टस्वामी प्रकरणात सांगितलं. खासगी माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला २०२३ मध्ये, नियम आले नोव्हेंबर २०२५ मध्ये, आणि माहिती मागण्याचा हक्क प्रत्यक्ष हाती येणार त्यानंतर अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये. आपली माहिती कुणाकुणाला दिली त्यांची नावं मागायची सोय त्यात आहे. तक्रार आधी कंपनीकडेच करायची. ती निकाली काढायला जास्तीत जास्त नव्वद दिवस. मग माहिती-संरक्षण मंडळाकडे. दंड २५० कोटी रुपयांपर्यंत, पण तो सरकारजमा. वहिनीला त्यातून भरपाई नाही. उलट खोटी किंवा उथळ तक्रार केली तर तिलाच १०,००० रुपयांपर्यंत दंड. आणि याच कायद्यानं माहिती अधिकारातलं खासगी माहितीविषयीचं कलम सरकारला सोयीचं करून ठेवलंय. ते मात्र नोव्हेंबर २०२५ मध्येच लागू झालं. सरकारकडून मिळणारी माहिती आधी आकसली, कंपनीकडून मिळणारी नंतर बघू.

माहितीला बाजारात काय मोल आहे, हे ठाणे पोलिसांइतकं कुणाला ठाऊक असणार? ऑक्टोबर २०१६ मध्ये मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर त्यांनी छापे घातले, तेव्हा तिथली पोरं अमेरिकेतल्या लोकांना करखात्याच्या नावानं धमकावत होती. २०१८ च्या सुरुवातीला मोबाइलच्या कॉल नोंदी विकणारी टोळी पकडली, तीही ठाण्याच्या गुन्हे शाखेनं.

मे २०२७ पर्यंत हात बांधून बसायचं कारण नाही, असं मी वहिनीला सांगितलं. नको असलेल्या फोनची तक्रार १९०९ वर होते. ग्राहकानं विश्वासानं दिलेली माहिती परस्पर दुसऱ्याला देणं ही २०१९ च्या ग्राहक कायद्यानं अनुचित व्यापार प्रथा ठरते, आणि जिल्हा ग्राहक आयोग ठाण्यातच आहे. हलगर्जीपणानं संवेदनशील माहिती फुटून नुकसान झालं असेल तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ४३अ कलम अजून शाबूत आहे. त्याची सुनावणी राज्याचे आयटी सचिव करतात. पुण्याच्या एका उद्योगाच्या खात्यातून पैसे लंपास झाले तेव्हा, २०१३ मध्ये, याच सचिवांनी पंजाब नॅशनल बँकेला ४५ लाख रुपये द्यायला लावले होते. नवा कायदा पूर्ण लागू झाला की ते कलमही जाणार.

"पण नव्वद दिवस?" वहिनी म्हणाली. "तेवढ्यात तर टॉवरचे चार मजले चढतात."

तिचं खरं आहे. मुदत लांबडी आहे, आणि कमाल मर्यादा दिली की कंपन्या तीच गाठतात. तरी बिनमुदतीच्या गप्पपणापेक्षा ती बरी. माहिती अधिकार सुरुवातीला बाबू लोकांनी हसण्यावारीच नेला होता. तारखा मोजून अपिलं करणाऱ्या साध्या माणसांनी त्याला दात दिले. म्हणून वहिनीला म्हटलं, त्या सॅम्पल फ्लॅटवाल्यांना आजच एक ईमेल टाका: माझा नंबर कुणाला दिलात ते कळवा. आज त्यांच्यावर उत्तराची सक्ती नसेल. पण मे २०२७ मध्ये तोच प्रश्न पुन्हा पाठवाल, तेव्हा 'आम्हाला कुणी विचारलंच नव्हतं' असं म्हणायची सोय त्यांना उरणार नाही.