दोन पाळ्यांचं घर

लग्न ठरलं तेव्हाच दोन्हीकडच्या थोरांना सांगून टाकलं होतं, की आम्ही मच्छेत राहणार. माझं माहेर चंदगड तालुक्यातलं, सासर बेळगुंदीच्या बाजूचं, आणि ह्यांची नोकरी मच्छेच्या औद्योगिक वसाहतीत, सीएनसी मशीनवर. दुसरी पाळी रात्री दहाला सुटते. त्या वेळी गावाकडं जायचं तर मोटरसायकलशिवाय काही नाही, आणि पावसाळ्यात पश्चिम भागातला तो रस्ता रात्री एकट्यानं कापायचा म्हणजे घरच्यांचा जीव टांगणीला. सासूबाईंना मी आत्या म्हणते. त्याच म्हणाल्या, "जावा की. पण वेगळं राहायलाय म्हणून वेगळं वागू नका."

मी उद्यमबागेतल्या एका हार्डवेअरच्या दुकानात हिशेब लिहिते. खानापूर रस्त्यानं बेळगावातून निघालं की उद्यमबाग, मग पिरनवाडी, मग मच्छे. एका बाजूला विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठ, दुसरीकडं फौंड्र्या आणि मशीन शॉप, मधे भाताची शेतं. भाड्याच्या खोल्यांना इथं तोटा नाही. कामगार, विद्यार्थी, नवी लग्न झालेली जोडपी यांच्याच जिवावर गावातल्या घरांवर वरचे मजले चढले आहेत. आम्हाला दोन खोल्या मिळाल्या, मागं थोडं परडं.

अडचण जागेची नव्हती, वेळेची होती. ह्यांची पाळी आठवड्याला बदलते. पहिली पाळी असली तर मी उठायच्या आत हे बाहेर. दुसरी असली तर मी कामावरून येते तेव्हा घराला कुलूप. तिसरी असली तर मी डबा भरत असते आणि हे झोपायला आडवे होत असतात. सुरुवातीला आम्ही एकमेकांना जास्त करून चिठ्ठ्यांतूनच भेटत होतो. तेव्हा एक गोष्ट ठरवली, आणि पुढं घरात जे काही केलं ते सगळं तिच्यासाठी केलं. रोज एक जेवण दोघांनी एकत्र बसून करायचं. ते सकाळचं असेल, रात्री साडेदहाचं असेल, पण एक असायलाच पाहिजे.

हे ठरवणं सोपं असतं. नऊ तास खुर्चीत हिशेब करून आलेल्या बाईनं रात्री साडेदहाला गरम भात वाढायचा म्हणजे तिनं तोवर गॅसजवळ उभं राहायचं का? यावर आमचं उत्तर निघालं भाताच्या तुसातून. माझी आजी भात शिजत आला की पातेलं उतरवून चुलीशेजारच्या गरम राखेत, वर जुनी वाकळ टाकून ठेवायची. तेच आम्ही पेटीत केलं. लाकडी खोकं घेतलं, राईस मिलमधून तूस आणलं, जुन्या लुगड्याच्या पिशव्या शिवून त्यात ते गच्च भरलं. पातेल्याच्या खाली, भोवती आणि वर अशा पिशव्या बसतात. तांदूळ पाच मिनिटं खळखळून उकळायचे, झाकण न काढता पातेलं पेटीत ठेवायचं, पाऊण तासात भात मोकळा शिजतो. मसूर भिजवून पंधरा मिनिटं उकळली की बाकीचं काम पेटी करते. आतली उष्णता बाहेर पडायला वाटच नाही, म्हणून पदार्थ आपल्याच उष्णतेत शिजतो. युरोपात महायुद्धांच्या काळात जळण तुटलं तेव्हा बायका गवत भरलेल्या पेट्यांत असाच स्वयंपाक करत. आमच्याकडं गवताऐवजी तूस, एवढाच फरक.

दोन पथ्यं मात्र काटेकोर पाळावी लागतात. पेटीत अन्न रात्रभर ठेवायचं नाही. दोन-तीन तासांत खायचं, कोमट वाटलं तर आधी पुन्हा उकळी आणायची, कारण कोमट अन्नात जंतू भराभर वाढतात. आणि राजमा पेटीच्या भरवशावर सोडायचा नाही. तो रात्रभर भिजवून, ते पाणी टाकून, आधी गॅसवर चांगला उकळावाच लागतो, नाहीतर पोट बिघडतं. बाकी मी साडेआठला पेटी लावते आणि मोकळी होते. पुस्तक वाचते, आईला फोन करते, डुलकीही घेते. हे आले की वाफेचा भात, आमटी, आणि शेजारच्या अक्कांनी शिकवलेली शेंगांची चटणी. अक्का गोकाककडच्या. त्यांचं मराठी आणि माझं कन्नड दोन्ही तोडकं, पण जवसाची, शेंगांची आणि कारळ्याची अशा तीन कोरड्या चटण्या मी त्यांच्याकडून पक्क्या शिकले. पाळीच्या घरात असली चटणी डब्यात असणं म्हणजे अर्धी भाजी तयार असणं. त्यांना मी नाचणीचं आंबील शिकवलं.

स्वयंपाकघरात दोघांनी एका वेळी उभं राहता येईना, म्हणून टेबल झालं. भिंतीला बिजागरीनं लावलेलं, काम झालं की खाली पडणारं. आमच्या वसाहतीतून कास्टिंग परदेशी जातात ती पाइनच्या खोक्यांतून, आणि तुटकी खोकी भंगारवाल्याकडं येतात. ह्यांनी आधीच सांगितलं, लाकडावरचा शिक्का बघून घ्यायचं. निर्यातीच्या खोक्यांवर गव्हाच्या ओंबीचं चिन्ह असतं आणि शेजारी अक्षरं असतात. 'एच.टी.' असलं तर ते लाकूड आतपर्यंत ५६ अंशांवर निदान अर्धा तास तापवून कीड मारलेली असते. 'एम.बी.' असलं तर मिथाइल ब्रोमाइड वायूची धुरी दिलेली. स्वयंपाकघरात दुसरं नको. खिळे उपटून, पॉलिशपेपर मारून अडीच फुटांचं फळकूट तयार झालं. मालकीणकाकूंना विचारून भिंतीला चार स्क्रू मारले. आता ओट्याशी मी भाकरी थापते, टेबलाशी हे कांदा चिरतात, आणि जेवायलाही तेच टेबल.

मध्यंतरी मोबाइलवर 'फ्रँकफर्ट किचन'बद्दल वाचलं. मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की या वास्तुविशारद बाईंनी १९२६ साली कामगारांच्या घरांसाठी ते आखलं. साधारण सहा फूट बाय अकरा फूट, म्हणजे आमच्याच स्वयंपाकघराएवढं. पावलं वाचावीत म्हणून प्रत्येक वस्तू हाताशी, इस्त्रीची फळीसुद्धा भिंतीतून खाली पडणारी. अशी हजारो स्वयंपाकघरं तिथं बांधली गेली. त्या बाईंच्या बुद्धीचं मला फार कौतुक वाटलं. पण त्या स्वयंपाकघरात एकाच माणसाची जागा होती, आणि ते माणूस बाईच असणार हे आधीच ठरलेलं होतं. तिचे कष्ट कमी झाले, पण वाटून घेतले गेले नाहीत. नव्या जोडप्यानं घर मांडताना कपाटाचा रंग नंतर बघावा, आधी ओट्याशी दोघं मावतात का ते बघावं, असं माझं ठाम मत आहे.

ह्यांना स्वयंपाक येत नव्हता. शिकवला माझ्या मावशीनं आहेरात दिलेल्या कमलाबाई ओगले यांच्या 'रुचिरा'नं. १९७० साली आलेलं ते पुस्तक आपल्याकडं अजूनही सुनेच्या हातात ठेवतात. आमच्यात ते नवऱ्याच्या हातात गेलं, आणि त्याचा उपयोग तिथं जास्त झाला. अंदाजपंचे करणारी माझी आई त्यांना कधीच शिकवू शकली नसती. वाटी आणि चमचा अशी मापं असल्यावर मायक्रॉनमध्ये काम करणारा माणूस घाबरत नाही. दुसरी पाळी असते तेव्हा सकाळचा स्वयंपाक सगळा त्यांचा. दाराच्या मागं खडूनं लिहिलेली यादी असते, तीत काम बाईचं की बाप्याचं असं काही नाही. कोणाची कोणती पाळी, त्यावर पाणी, भांडी, कपडे, बाजार ठरतो. आत्या पहिल्यांदा आल्या तेव्हा हे भांडी घासत होते. त्या काही बोलल्या नाहीत. जेवण झाल्यावर म्हणाल्या, "ह्याच्या आबांनी कधी तांब्या उचलला न्हाई." आणि मग स्वतःचं ताट उचलायला गेल्या तर ह्यांनी ते काढून घेतलं.

विजेचं गणित मी बसवलं. फुकट विजेची गृहज्योती योजना जुलै २०२३ पासून सुरू झाली तेव्हा तिच्यात भाडेकरूही आले. पण मागच्या वर्षीचा वापर नसलेल्या नव्या बिऱ्हाडाला राज्याची सरासरी धरून ५८ युनिटच्या आसपासच मर्यादा मिळाली. आता दीड हजार वॅटची कॉइल अर्धा तास लावली तर पाऊण युनिट जातं. महिन्याचे बावीस-तेवीस युनिट नुसते अंघोळीच्या पाण्यात. सासरच्या माळ्यावर तांब्याचा बंब पडून होता, तो कल्हई करून आणला आणि परड्यात ठेवला. करवंट्या, सुताराकडच्या ढलप्या, खोक्यांचे तुकडे (तेही शिक्का बघूनच) एवढ्यावर दोघांचं पाणी तापतं. मच्छेच्या जुलैत कपडे आठवडाआठवडा वाळत नाहीत. बंबाच्या बाजूला पत्र्याखाली दोरी बांधली आहे, तिच्यावर ह्यांचे कामाचे कपडे सुकतात. त्या कपड्यांना कटिंग ऑइलचा वास असतो, म्हणून त्यांची बादली वेगळी, साबण वेगळा, धुणारेही तेच.

कागदपत्रांबद्दल नव्या सुनांना मुद्दाम सांगते, कारण सीमेवर लग्न म्हणजे दोन राज्यांचं लग्न असतं. माझ्या आधार कार्डावर चंदगडचा पत्ता. ११ जून २०२३ पासून कर्नाटकात बायकांना सरकारी बसचा प्रवास फुकट झाला, पण तो कर्नाटकातल्या रहिवाशांना. एकाच बसमध्ये शेजारणीच्या हातात शून्य रकमेचं तिकीट आणि मी पैसे काढतेय, असं कितीतरी दिवस चाललं. लग्नाची नोंदणी, भाडेकरार, मग पत्ता बदलणं, हे मंगळागौरीच्या आधी उरकून टाकावं. गृहलक्ष्मी योजनेचे दोन हजार मात्र रेशन कार्डावरच्या कुटुंबप्रमुख बाईला मिळतात, आणि आमच्या कार्डावर त्या आत्या. ते पैसे त्यांचेच, यावर आमच्यात कधी चर्चासुद्धा झाली नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या स्वतःच्या नावानं दरमहा काही येतंय.

पत्ता बदलल्यावर बसचे जे पैसे वाचू लागले ते मी पिग्मीत टाकते. बेळगावात सोसायट्या गल्लोगल्ली आहेत आणि त्यांचे एजंट दुकानात येऊन रोजची रक्कम घेऊन जातात. ही पद्धत कर्नाटकातच जन्मली, याचा मला अभिमान वाटतो. उडुपीच्या सिंडिकेट बँकेनं १९२८ साली ती सुरू केली, दारात जाऊन रोज दोन आणे गोळा करायचे. महिन्याच्या शेवटी उरलं तर टाकू म्हणणाऱ्याचं काही उरत नाही. रोजचं रोज गेलं की ते खर्चाच्या यादीत बसतं. सोसायटी मात्र चौकशी करूनच निवडावी, आणि पुस्तकात रोज नोंद बघावी. हिशेबाची वही आमच्याकडं एकच आहे. डाव्या पानावर हे लिहितात, उजव्या पानावर मी, आणि पगाराच्या रविवारी खासबागच्या बाजारात जायच्या आधी ती दोघं मिळून वाचतो. कोणी कोणाला जाब विचारायचा नाही, नुसतं वाचायचं. बहुतेक वेळा ज्यानं जास्त खर्च केलेला असतो त्याला ते वाचतानाच कळतं.

पावसाळ्यातल्या रविवारी वाकळ शिवतो. आत्यांनी जुनी लुगडी दिली, आईनं तिच्या साड्या, आणि आतल्या थरांना ह्यांचे विरलेले शर्ट. आत्या आल्या की त्या मधे बसतात आणि टाका वाकडा गेला की उसवायला लावतात. ह्यांचा टाका माझ्यापेक्षा सरळ येतो. पहिली वाकळ आम्ही अक्कांच्या नातवाला दिली, दुसरी आमच्याकडं आहे, तिसरीचा काठ लावायचा राहिलाय.

येत्या वैशाखात धाकट्या दिराचं लग्न आहे. आमच्या रुखवतात आलेले डिनर सेट आणि भिंतीवरची घड्याळं अजून गावाकडं माळ्यावर आहेत. तशीच रांग पुन्हा लागू नये म्हणून आत्यांनीच सगळ्या पाहुण्यांना फोन करून सांगितलं, की पोरांना विचारून द्या. चुलत्यांनी गॅसची शेगडी घेतली आहे, आत्यांची बहीण कुकर देणार आहे. तुसाची पेटी मी शिवायला घेतली आहे. दीर म्हणाला, "वहिनी, तुमच्यासारखं टेबल पायजे." त्यांनी खोली बघितली आहे ती हिंडलग्याला, आणि तिथली भिंत स्क्रू धरत नाही. म्हणून हे या वेळी घडीच्या पायांचं टेबल करणार आहेत. भंगारवाल्याला सांगून ठेवलंय, 'एच.टी.'चं लाकूड आलं की फोन कर.