नाशिकच्या तराजूत इंग्लंड-अमेरिका

रविवारची वंदना आटोपली, खीरदान झाले, की आमच्या विहारात हल्ली एक सामना रंगतो. एका मावशींचा मुलगा इंग्लंडात नर्स आहे आणि एका काकांची मुलगी अमेरिकेत न्यू जर्सीला संगणकाच्या नोकरीत. मावशी म्हणतात, "आमच्याकडे चहा तरी मिळतो! तुमच्याकडे सगळी कॉफी, तीही बादलीभर." काका म्हणतात, "पाऊस थांबला की कळवा, मग बोलू." मावशी क्रिकेट काढतात, काका पगार काढतात. एकदा तर मुलीने तिकडच्या पद्धतीने आधी महिना मग दिवस असे लिहून कळवले, "१२/६ ला सुट्टी टाकली आहे." काका म्हणाले, "जूनमध्ये कसली सुट्टी?" ती ६ डिसेंबरची, महापरिनिर्वाण दिनाची सुट्टी होती! मावशींनी ही गोष्ट महिनाभर पुरवली.

आम्ही दोघांनाही सांगितले, वजन करायचे तर आपल्या नाशिकच्याच तराजूत करू. वाचकहो, चला, पोराबाळांना घेऊन एक दिवसाची सहल काढू.

पहिला मुक्काम देवळाली. इंग्रजांच्या काळात मायदेशी जाणारे गोरे सैनिक इथल्या छावणीत आगबोटीची वाट पाहत महिनोन्महिने पडून असत. काम नाही, वर उकाडा आणि हिवताप. कित्येकांचे डोके फिरे. त्यावरून वेड लागलेल्या माणसाला ते 'डुलॅली' म्हणू लागले. हा शब्द आजही इंग्लंडात चालतो. पूर्वी त्याला 'टॅप' असे शेपूट होते. तो आपला 'ताप'! इंग्रजांनी आपल्याला इंग्रजी दिली हे खरे, पण वेडासाठी शब्द त्यांना नाशिक जिल्ह्यातून न्यावा लागला. अमेरिकेकडे असा नाशिकचा शब्द आम्हाला तरी ठाऊक नाही. मावशींना एक गुण.

दुसरा मुक्काम शरणपूर. इथे एकोणिसाव्या शतकात इंग्रज मिशनऱ्यांची वसाहत होती. अरबी गलबतांतून सोडवलेली आफ्रिकेतली गुलाम मुले इथे आणून त्यांना लिहायला-वाचायला आणि हातकाम शिकवीत. त्यातलाच जेकब वेनराईट. १८७३ मध्ये आफ्रिकेत डॉ. लिव्हिंग्स्टन वारले, तेव्हा साथीदारांनी त्यांचा देह शेकडो मैल समुद्रापर्यंत वाहून आणला. त्यांत हा नाशिकला शिकलेला जेकब होता. पुढे तो देहासोबत लंडनला गेला आणि १८७४ मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीतल्या अंत्यविधीत त्याने शवपेटीला हात लावला.

त्याच १८७३ साली इकडे महात्मा जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' लिहिली. अर्पण कोणाला केली? इंग्लंडला नाही, तर गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना! इथे काकांची छाती फुगली. मावशी गप्प बसतात थोड्याच! इंग्लंडने आपल्या वसाहतींतली गुलामगिरी बंद करण्याचा कायदा १८३३ मध्येच केला. अमेरिकेला १८६५ उजाडले, तेही यादवी युद्धात रक्ताचे पाट वाहिल्यावर. पण त्या गुलामांना जहाजात कोंबून अमेरिकेत नेणाऱ्यांत इंग्रज व्यापारी पुढे होते, हेही पोरांना सांगावे. आणि जोतीरावांवर ज्याच्या विचारांचा ठसा उमटला तो टॉमस पेन जन्माने इंग्लंडचा, लढला अमेरिकेच्या स्वातंत्र्यासाठी. त्याला कोणाच्या पारड्यात टाकणार? इथे बरोबरी. शरणपूर रस्त्याच्या चौकाचे नाव मात्र 'कॅनडा कॉर्नर'. दोघांच्या भांडणात तिसऱ्यानेच पाटी लावून घेतली!

तिसरा मुक्काम नाशिकरोड. इथल्या नोट छापखान्यात १९२८ पासून नोटा छापल्या जातात. आम्ही वाणिज्य शाखेचे, त्यामुळे इथून जाताना बाबासाहेबांचा 'रुपयाचा प्रश्न' आठवल्याशिवाय राहत नाही. हा ग्रंथ १९२३ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाला. म्हणजे मावशींचा गुण? काका सांगतात, आधी न्यूयॉर्क! १९१३ मध्ये बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथे वसतिगृहात बरोबरीने राहता आले, एका टेबलावर बसून जेवता आले, कोणी जात विचारली नाही. प्रा. सेलिग्मन आणि जॉन ड्यूई यांच्यासारखे गुरू लाभले. लंडनमध्ये मात्र घरमालकिणीच्या तुटपुंज्या जेवणावर आणि रात्री भाजलेल्या पापडावर दिवस काढले. पण वाचनाची भूक लंडनच्या ग्रंथालयांनी भागवली. तिथेच एम.एस्सी., डी.एस्सी. आणि बॅरिस्टर झाले. न्यूयॉर्कने माणूस म्हणून ताठ बसवले, लंडनने कायद्याचे हत्यार हाती दिले. यातले कमी कोणते? आम्हाला तरी ठरवता आले नाही.

चौथा मुक्काम काळाराम मंदिर. इथे पोरांना हसू देऊ नका. २ मार्च १९३० रोजी हजारो स्त्री-पुरुष शिस्तीने इथे आले आणि दरवाजे बंद झाले. बाहेर बंदोबस्त इंग्रज सरकारच्या पोलिसांचा. त्याच वर्षी १२ नोव्हेंबरला लंडनमध्ये गोलमेज परिषद भरली आणि बाबासाहेब बरोबरीच्या नात्याने खुर्चीवर बसले. लंडनला खुर्ची देणारे सरकार तेच, नाशिकला दरवाज्याशी अडवणारेही तेच! कर्मवीर दादासाहेब गायकवाड इथे लढा चालवीत होते आणि बाबासाहेब लंडनहून त्यांना पत्रे लिहून धीर देत होते. हा लढा सुमारे पाच वर्षे चालला.

तो दरवाजा आता परदेशातही दिसतो. आपली माणसे विमानाने गेली, तशी जातही गेली. आडनाव विचारून खोली नाकारणारे, कचेरीत वडिलांचे गाव विचारणारे तिकडेही भेटतात. इंग्लंडच्या संसदेने २०१३ मध्ये समतेच्या कायद्यात जातीचा समावेश करायचे ठरवले. २०१८ मध्ये सरकारने माघार घेतली. अमेरिकेत सिएटल शहराने फेब्रुवारी २०२३ मध्ये जातिभेदाला कायद्याने बंदी केली. तो ठराव मांडला पुण्यात जन्मलेल्या क्षमा सावंत यांनी. पण ऑक्टोबरमध्ये कॅलिफोर्नियाच्या राज्यपालांनी तसेच विधेयक सही न करता परत पाठवले. त्याच महिन्यात मेरीलँडमध्ये बाबासाहेबांचा १९ फुटी पुतळा उभा राहिला. लंडनमध्ये त्यांचे राहते घर २०१५ पासून स्मारक आहे. पुतळा आणि स्मारक यांचा अभिमान आहेच, पण कायद्याचा दरवाजा दोन्हीकडे अर्धाच उघडला आहे. म्हणून मावशींच्या मुलाला आणि काकांच्या मुलीला आमचे एकच सांगणे : आडनाव लपवू नका, तिथल्या आपल्या संघटनेत जा, एकमेकांना धरून राहा.

शेवटचा मुक्काम त्रिरश्मी लेणी. पायऱ्या चढून सतराव्या लेण्यात जा. उत्तरेकडच्या दत्तामित्री गावच्या एका यवनाने, म्हणजे ग्रीक वंशाच्या माणसाने, ते लेणे कोरवून घेतले. नाव इंद्राग्निदत्त, धर्मदेवाचा पुत्र. आईवडिलांप्रीत्यर्थ आणि सर्व बुद्धांच्या पूजेसाठी त्याने ते भिक्खुसंघाला दिले. परका माणूस नाशिकला आला, धम्मात सामील झाला, भिंतीवर नाव कोरून गेला. त्याला कोणी दरवाज्यात अडवले नाही.

मावशी आणि काका दोघेही त्या लेण्यासमोर काही वेळ गप्प होते. मग मावशी म्हणाल्या, "पोरं सुट्टीला आली की आधी इथंच आणायची." काकांनी लगेच मान हलवली. सामना अनिर्णित!

जयभीम.