डिसेंबरात पाहिलेले घर

परदेशी दिलेल्या लेकीबहिणींकडे जायचे ते मे महिन्यात, अशी आपल्याकडची रीत. शाळेला सुट्टी असते, तिकडची हवाही चांगली असते. आम्ही दोघे मात्र मागच्या वर्षी डिसेंबरात ग्लासगोला गेलो. रजेचा अर्ज पाहून मुख्याध्यापकांनी विचारले, "लग्नबिग्न आहे का?" आम्ही म्हटले, "नाही सर, घर बघायला जातोय." ते हसले. चिपळूणहून स्कॉटलंडला घर बघायला कोण जाते!

घर धाकटीचे. ती आमचे शेंडेफळ. लग्न होऊन तिकडे गेली त्याला पाच वर्षे झाली होती. पहिल्या हिवाळ्यात तिचे फोन कमी झाले तेव्हा आम्हाला वाटले, संसारात रमली. दुसऱ्या हिवाळ्यात ती व्हिडिओ कॉल घेईना. तिसऱ्यात अम्मींशी दोन शब्द बोलून फोन नवऱ्याच्या हातात द्यायला लागली. एप्रिल उजाडला की पुन्हा पहिल्यासारखी बडबडी. नातेवाइकांत कुणी म्हणाले नजर लागली, कुणी म्हणाले पैशाचा गर्व झाला. एका खालांनी तर "नमाजेत ढिलाई आली असेल" असा निकालच दिला. खरे सांगायचे तर आम्हीही तिला फोनवर दोनदा तेच सुनावले होते. शिक्षकांना उपदेशाची सवय असते.

चौथ्या वर्षी नोव्हेंबरात रात्री अडीच वाजता तिचा फोन आला. "आपा, उद्या सकाळ झालीच नाही तर बरं होईल." त्यानंतर उपदेश बंद झाला. तिच्या नवऱ्याला आम्ही त्याच वेळी फोन करून सांगितले, आजची रात्र तिला एकटे सोडू नका आणि सकाळी पहिल्यांदा डॉक्टर गाठा. असे वाक्य कुणाच्याही तोंडून ऐकले तर ते थट्टेवारी नेऊ नये, आणि त्यावर तक्रीरही करू नये.

डॉक्टरांनी तिला चार वर्षांचा हिशोब महिन्यांप्रमाणे मांडायला लावला. ऑक्टोबर संपताना सुरुवात, दहा-अकरा तास झोपूनही थकवा, पावाची आणि गोडाची वखवख, वजनात वाढ, माणसांचा कंटाळा. मार्च-एप्रिलात सगळे आपोआप ओसरायचे. याला हंगामी नैराश्य म्हणतात. या आजाराचे वर्णन १९८४ मध्ये नॉर्मन रोझेंथल या मानसोपचारतज्ज्ञाने सहकाऱ्यांसह प्रसिद्ध केले. तो स्वतः दक्षिण आफ्रिकेतल्या जोहान्सबर्गचा. उन्हाच्या गावातून अमेरिकेत गेल्यावर तिथले हिवाळे त्यालाही जड गेले होते. हे कळल्यावर धाकटी म्हणाली, "म्हणजे हा आपल्यासारख्या गाव सोडलेल्यांनीच ओळखलेला आजार आहे."

इलाज सुरू झाला. सकाळी अर्धा तास १०,००० लक्सच्या दिव्यासमोर बसणे, समुपदेशन, काही महिने गोळ्या. फरक पडला. पण पुढच्या वर्षी नवऱ्याचा नोकरीचा करार मार्चमध्ये संपणार होता आणि समोर तीन वाटा होत्या: पगार जास्त देणारे ॲबर्डीन, एडिंबरा, नाहीतर दक्षिणेला इंग्लंडात. चौथी वाट अम्मींची होती, "सामान बांधा आणि या घरी." प्रत्येकाकडे मत होते. म्हणून आम्ही म्हटले, ज्या महिन्यात तिला त्रास होतो त्याच महिन्यात जाऊन बघू.

विमान दुपारी तीनला उतरले तेव्हा विमानतळाबाहेरचे दिवे लागायला लागले होते. पोलकशील्ड्स हा तिचा मोहल्ला. पाकिस्तानी आणि हिंदुस्थानी कुटुंबांची जुनी वस्ती, हलाल गोश्त, कोथिंबीर, मेथी सगळे कोपऱ्यावर मिळते. लाल वालुकाश्माच्या चार मजली इमारतींच्या रांगा, त्यांना टेनेमेंट म्हणतात. तिचे घर तळमजल्यावर. आम्ही होतो ते पहिले चारही दिवस दिवाणखान्यातला बल्ब सकाळपासून झोपेपर्यंत चालू होता.

"हे घर घेताना बघितलं नव्हतं का?" आम्ही विचारले.

"बघितलं ना दुलाभाई. जूनमध्ये. तेव्हा इथे एवढं ऊन होतं की पडदे घेतले आधी."

आमच्यापैकी एक जण भूगोल शिकवतो. त्याने तिथेच वही काढली. ग्लासगो ५६ अंश उत्तर अक्षांशाच्या जवळ आहे. २१ जूनला तिथे दिवस साडेसतरा तासांचा असतो आणि दुपारचा सूर्य ५७ अंशांपर्यंत चढतो, समोरच्या इमारतीवरून आत डोकावतो. २१ डिसेंबरला दिवस जेमतेम सात तासांचा आणि भर दुपारी सूर्य क्षितिजापासून ११ अंशांवर. एक मीटरच्या काठीची सावली तिथे पाच मीटरांहून लांब पडते. आपल्या चिपळूणला त्याच दुपारी ती एक मीटरही भरत नाही. समोर चार मजली इमारत असेल तर तळमजल्याला नोव्हेंबर ते जानेवारी ऊन मिळण्याचा प्रश्नच नाही, खिडकी दक्षिणेला असली तरी. वरच्या मजल्यावरच्या आजीबाईंच्या कुंड्या मात्र उन्हात होत्या. आम्ही जिन्यात जाऊन पाहिल्या.

त्यात धाकटीची नोकरी गोदामात. सकाळी आठ ते चार, बिनखिडकीच्या जागेत. सूर्योदय पावणेनऊला, मगरिब पावणेचारला. म्हणजे सोमवार ते शुक्रवार तिने सूर्य पाहिलेलाच नसे. तिथले डिसेंबरातले नमाजांचे वेळापत्रक आम्ही घरी आणले आहे, वर्गात दाखवायला. जोहर सव्वाबाराच्या सुमारास, असर दोनच्या आधी, मगरिब पावणेचारला. साडेतीन तासांत तीन वक्त. "जेवणाच्या सुट्टीत एक पढते, दुसरीची वेळ निघून जाते की काय ही धाकधूक. आणि खाला म्हणतात ढिलाई," ती म्हणाली. आम्ही मान खाली घातली.

अक्षांशाचे कोष्टक तीन शहरांसाठी केले. ॲबर्डीनचा सर्वांत लहान दिवस ग्लासगोपेक्षा वीसेक मिनिटांनी लहान. लंडनचा मोठा, पण तोही तासाला काही मिनिटे कमीच. साडेसहाशे किलोमीटरच्या आसपास अंतर कापायचे, घरभाडे वाढवायचे, ओळखीची माणसे सोडायची आणि हाती यायचे ते पन्नासेक मिनिटे! दक्षिण किनाऱ्यावर आकाश जास्त मोकळे असते हे खरे. ईस्टबोर्न या गावाने जुलै १९११ मध्ये ३८३.९ तास ऊन नोंदवले, तो ब्रिटनमधला एका महिन्याचा विक्रम आहे. पण तो जुलै. जुलैमध्ये ती ग्लासगोलाही आनंदात असते.

नुसत्या अक्षांशावर सगळे ठरत असते तर आइसलंडमध्ये निम्मे लोक आजारी पडले असते. तिथल्या संशोधकांनी १९९३ मध्ये तपासले तेव्हा हे प्रमाण अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यापेक्षा कमी निघाले. नॉर्वेतल्या त्रोम्सो शहरात नोव्हेंबरअखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य उगवतच नाही, तरी तिथे माणसे राहतात, मुसलमानही राहतात. पण त्या लोकांचे उदाहरण देऊन धाकटीला "तू का नाही राहू शकत" म्हणणे चुकीचेच. कुणाला किती उजेड लागतो हे शरीराशरीरावर आहे.

पाचव्या दिवशी आगगाडीने एडिंबराला गेलो. पाऊण-एक तासाचा प्रवास, अक्षांश जवळजवळ तोच. आमच्या मनात होते की तिथेही हेच दिसणार. पण ढग पश्चिमेकडून येतात आणि पाऊस ग्लासगोकडे टाकतात. एडिंबराला पाऊस बराच कमी, म्हणजे ढगही कमी. आपल्याकडे घाटाच्या अलीकडे चिपळूण आणि पलीकडे कराड, तसा थोडाफार प्रकार. थंडी जास्त वाटली, वारा तर कानशिलात मारणारा. पण आकाश निळे होते.

प्रिन्सेस स्ट्रीट नावाचा तिथला मुख्य रस्ता आहे. त्याला एकाच बाजूला, उत्तरेला, दुकाने आहेत. दक्षिणेची बाजू मोकळी: बाग आणि पलीकडे उंच कातळावर किल्ला. त्यामुळे अकरा अंशांवरचे ते म्हातारे ऊनसुद्धा थेट दुकानांच्या दारापर्यंत येते. धाकटी फूटपाथवर थांबली, डोळे मिटले आणि तोंड सूर्याकडे केले. तिच्या बाजूने खरेदीवाले वळसा घालून जात होते. आम्हीही उभे राहिलो. आमची सावली मागच्या काचेवर चढली होती. पाच मिनिटांनी ती म्हणाली, "आपा, मला भजी खावीशी वाटतायत." पाच दिवसांत तिने पहिल्यांदा काही मागितले. भजी मिळाली नाही. १९९८ मध्ये उघडलेल्या तिथल्या मध्यवर्ती मशिदीजवळ गरम भात आणि रस्सा मात्र पोटभर मिळाला.

दुपारी दोन घरे पाहिली. पहिले सुंदर, नवे, स्वयंपाकघर चकचकीत, तोंड उत्तरेला. मेहुण्यांना फार आवडले. आम्ही म्हटले, "ओट्याकडे बघू नका, होकायंत्र काढा." दुसरे तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, न्हाणीघर इवलेसे. पण पुढची खिडकी आग्नेयेला आणि समोर शाळेचे मैदान. नकाशावर रेघा मारताना लक्षात आले की किब्लाही साधारण त्याच दिशेला आहे. आपल्याकडे मगरिबला सूर्य समोर मावळतो. तिथे हिवाळ्यात सूर्य किब्ल्याच्या थोडे उजवीकडे उगवतो.

घरी परतायच्या चौथ्या वाटेविषयीही बोलणे झालेच. अम्मींचे म्हणणे भावनेचे होते, तरी त्यात तथ्य होते: कोकणात डिसेंबरातही अकरा तास उजेड. पण मेहुण्यांचे काम तिकडचे, मुलीची शाळा तिकडची. आणि धाकटीने स्पष्ट सांगितले, "आजारी म्हणून परत आले असं गावात झालं, तर मला बाराही महिने हिवाळा होईल." हे ऐकायला कठीण गेले. आपल्या गावाने तिला असे वाटू द्यावे ही गावाची शोभा नव्हे. शेवटी ठरले ते असे की दर वर्षी जानेवारीत तिने मुलीला घेऊन तीन आठवडे चिपळूणला यायचे. मे महिन्याचा आग्रह अम्मींनी सोडायचा.

ॲबर्डीनचा पगार सोडताना मेहुण्यांना जड गेले. त्यांनी दोन रात्री हिशोब केला, मग आपणहून नकार कळवला. गोदामाची नोकरी सुटली. नवी नोकरी दुकानात काउंटरवर आहे, सकाळी दहाला, चालत वीस मिनिटे. ढगाळ दिवशीसुद्धा बाहेरचा उजेड खोलीतल्या दिव्यांच्या कित्येक पट असतो, म्हणून ती बसने जात नाही. दिव्याची पेटी टेबलावर आहेच. तिला त्यातून सुट्टी नाही. डोळ्यांचा विकार असलेल्यांनी किंवा मनाचे चढउतार तीव्र असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय असा दिवा वापरू नये. ड जीवनसत्त्वाची गोळीही ती घेते. सावळ्या कातडीच्या आणि अंग झाकून राहणाऱ्या माणसांना तिकडे ती वर्षभर घ्यायला सांगतात. ती हाडांसाठी, उदासीवरचा इलाज म्हणून नव्हे.

यंदाच्या डिसेंबरात एक आठवडा वाईट गेला. सलग ढग होते आणि मुलीला ताप. तिने फोन करून स्वतः सांगितले, "आपा, आठवडा वाईट चाललाय, डॉक्टरांची वेळ घेतलीय." आम्ही नुसते ऐकले.

मग शनिवारी सकाळी, आपल्याकडे दुपारचे तीन वाजले असतील, तिने फोटो पाठवला. खिडकीखाली जानमाज अंथरलेली, तिच्यावर उन्हाचा चौकोन आणि त्या चौकोनात भाची मांडी घालून टोस्ट खाते आहे. जानमाजेवर चुरा सांडलेला. खाली लिहिले होते: साडेनऊ वाजता आलं, आत्ता कपाटापर्यंत पोचलंय. पडदे अजून घेतलेले नाहीत.