नातवंडांची सहल: चकल्यांखालचे गुपित

नातवंडांना सहल भेट द्यावयाची असेल, तर ती फोनवर सांगून संपवू नका. त्यांना शोधू द्या. आम्ही दिवाळीच्या डब्यात, चकल्यांखाली, चिठ्ठ्या दडवल्या: ‘तांबडी माती’, ‘मोटारींना बंदी’, ‘१९०७ पासूनची चिमुकली आगगाडी’. शेवटची होती ‘आजोबाही येणार’. माथेरान ओळखण्यापेक्षा धाकटीला आनंद झाला तो तिचाच!

अचंबा मुलांसाठी असावा, आपल्या रक्तदाबासाठी नव्हे. ज्येष्ठांना तारीख आधी कळू द्या, डॉक्टरांना विचारा, औषधे हातातल्या पिशवीत ठेवा. दस्तुरीपुढे मोटार जात नाही. चालणे जड वाटले तर अमन लॉजहून गाडी धरावी. माझे गुडघे यंदा ऐकतात, पुढल्या वर्षीचे कोणी सांगावे? म्हणून ‘तुम्ही जा, मी घर सांभाळतो’ म्हणू नका. घराला कुलूप पुरते. किल्ली शेजारी द्या.