एका वाक्याची किंमत

अडचणींचा पाढा वाचण्यात आम्हा पिंपळे सौदागरकरांचा हात कोणी धरणार नाही. पवनेकाठचे हे एके काळचे शेतकऱ्यांचे गाव. आता शेतांच्या जागी उंच इमारती उभ्या आहेत. पाण्याचा टँकर, बंद पडलेली लिफ्ट, हिंजवडीच्या वाटेवरची वाहनांची दाटी हे आमचे नित्याचे विषय. चार माणसे जमली की प्रत्येकजण आपले दुःख दुसऱ्याच्या दुःखापेक्षा दोन बोटे मोठे करून सांगतो. त्याने मन हलके होते. मी काही त्याला नावे ठेवणार नाही. पण यंदा पाल्देन ग्यात्सो या तिबेटी भिक्षूचे आत्मचरित्र वाचले आणि माझा पाढा काही दिवस आपोआप थांबला.

तिबेटी माणूस आपल्याला अगदीच परका नाही. थंडीत लोकरीचे कपडे विकायला ही मंडळी पुण्यात येतात. 1959 साली दलाई लामा भारतात आले, त्यांच्या मागोमाग हजारो माणसे हिमालय ओलांडून आली. त्यांतल्या काहींची वसाहत 1972 पासून आपल्याच गोंदिया जिल्ह्यात, गोठणगावी आहे. स्वेटरसाठी घासाघीस करताना समोरच्या बाईचे आईवडील कोणत्या वाटेने आले असतील, हे मात्र कोणाच्या मनात येत नाही.

ग्यात्सो यांचा जन्म 1933 चा. 1959 मध्ये त्यांना चिनी अधिकाऱ्यांनी पकडले. ‘माझे गुरू भारताचे हेर आहेत,’ एवढे एक वाक्य त्यांच्याकडून हवे होते. ते खोटे होते, म्हणून त्यांनी ते उच्चारले नाही. सात वर्षांची शिक्षा झाली. पळून जाऊ पाहिले, सीमेजवळ सापडले, शिक्षा वाढली. अशी तुरुंगात आणि श्रमछावण्यांत मिळून 33 वर्षे गेली. कैद्यांना बैलासारखे नांगराला जुंपत. उपासमारीत बुटाचे कातडे उकळून खाण्याची वेळ आली. 1992 मध्ये सुटल्यावर ते नेपाळमार्गे भारतात आले, ते छळाची हत्यारे बरोबर घेऊनच. उद्या कोणी ‘हे घडलेच नाही’ म्हणू नये म्हणून. 1995 मध्ये त्यांनी जिनिव्हाला संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क आयोगापुढे साक्ष दिली. 2018 मध्ये धरमशालेत त्यांनी देह ठेवला.

फराळाचे ताट पुढे असताना हे कशाला, असे कोणी म्हणेल. खरे सांगायचे तर नांगराचे जू आणि कातड्याची चव माझ्या कल्पनेत मावतच नाही. मावते ते फक्त ते एक वाक्य. कारण तसली वाक्ये आपल्या घरोघरी फुकट मिळतात. अंगाला साबण लावलेला माणूस फोनवर ‘निघालोच आहे’ म्हणतो. वडील घरात असताना ‘बाबा बाहेर गेलेत’ असे मूल दारात सांगते. त्यात कोणाचे काही जात नाही, म्हणून आपण हसतो. पण त्याच जातीच्या एका वाक्यापायी एका माणसाने तारुण्य दिले, आणि ते सांगताना आवाजही चढवला नाही, हे कळल्यावर मान आपोआप खाली जाते.

सणाला आपण थोरामोठ्यांच्या पाया पडतो. यंदा पाडव्याला माझ्या नमस्कारांत एकाची भर पडणार आहे. तो घ्यायला कोणी समोर नसेल, पण वाकायला त्याने काही अडत नाही.